कागदाचे नाव आणि कागदाची किंमत : खानदेशातील कौटुंबिक हस्तांतरणे व मुद्रांक शुल्क

खानदेशच्या जमिनीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा सारा, कापूस आणि सावकार ह्या तीन विषयांपाशी थांबतात. तीनही विषय महत्त्वाचे आहेत ह्यात शंका नाही. परंतु ह्या जमिनीचा फार मोठा भाग बाजारात कधी आलाच नाही. तो घरातल्या घरात, बापाकडून लेकाकडे, भावाकडून भावाकडे आणि गेल्या साठसत्तर वर्षांत बहिणीकडून भावाकडे गेला. ह्या घरगुती हस्तांतरणांचे कागद, म्हणजे वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे, दत्तकपत्रे, आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती क्वचितच पडतात. वतनाच्या एखाद्या जीर्ण महजरासाठी धुळ्यापर्यंत पायपीट करणारा संशोधक दुय्यम निबंधकाच्या कचेरीवरून पुढे निघून जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रस्तुत लेखात ह्या कागदांची एकच बाजू पाहावयाची आहे. सरकारने त्यांवर मुद्रांक शुल्क कोणत्या हिशेबाने घेतले, आणि त्या हिशेबाचा कुटुंबांच्या वागणुकीवर काय परिणाम झाला? माझे म्हणणे थोडक्यात असे की, मुद्रांकाच्या कायद्याने घरातील हस्तांतरणाची किंमत हलणाऱ्या मालमत्तेवरून क्वचितच ठरविली; ती बव्हंशी कागदाच्या नावावरून ठरविली. कुटुंबांनी हे लवकर ओळखले आणि स्वस्त नावाचा कागद पसंत केला. ह्या निवडीचा भार १९५६ नंतर ज्या व्यक्तीवर पडला, ती कायदा रचताना कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

पेशवाईत घरच्या वाटणीवर मुद्रांक नव्हता, ह्याचा अर्थ ती फुकट होत होती असा नव्हे. वाटणीचा तंटा पंचायतीपुढे किंवा गोतसभेपुढे गेला म्हणजे जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई. वतनाच्या वाटणीत पाटील-कुलकर्णी, देशमुख-देशपांडे ह्यांच्या साक्षी पडत आणि वडिलकीचा मान कोणाकडे राहिला हे स्वतंत्रपणे लिहिले जाई. तथापि भावांनी घरात बसून सामोपचाराने वाटून घेतले, तर त्यात सरकारचा हात येत नसे. कागदाला बळ येई ते साक्षीदारांमुळे. कागद कोणत्या प्रतीचा आहे, त्यावर कोणता छाप आहे, ह्या गोष्टींशी त्या बळाचा संबंध नव्हता.

कागदावरच्या छापाबद्दल कर घेण्याची कल्पना युरोपातली. हॉलंडमध्ये ती १६२४ साली निघाली व इंग्लंडने १६९४ साली उचलली. कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९७ च्या सहाव्या रेग्युलेशनने तिचा अवलंब केला, तो रद्द केलेल्या पोलीस कराची तूट भरून काढण्यासाठी. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२७ ची जी संहिता झाली, तिच्यातील अठरावे रेग्युलेशन मुद्रांकाचे होते. आणि त्याच वर्षीच्या एकोणतिसाव्या रेग्युलेशनने ही सर्व व्यवस्था दख्खन व खानदेशास लागू झाली. १८१८ साली जिंकलेल्या आणि कॅप्टन ब्रिग्ज ह्याने धुळ्यास ठाणे करून ज्याचा कारभार मांडला त्या ह्या प्रदेशात, दहा वर्षांच्या आत, ‘इष्टांपाचा कागद’ ही वस्तू आली ती अशी.

आरंभी तिचा उपयोग थोडा होता. जमीन विकली जाणे दुर्मीळ होते आणि सारा इतका जड होता की ती घेण्यापेक्षा सोडून देण्याकडे रयतेचा कल असे. १८५२ साली विंगेटच्या पद्धतीने मोजणी सुरू झाली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल ह्या भागांतील रयतेने तिला उघड विरोध केला व सरकारला फौज आणावी लागली. ह्या घटनेकडे साऱ्याच्या इतिहासात पाहिले जाते, ते योग्यच आहे. पण मोजणीने आणखी एक गोष्ट केली. तिने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आणि ठरीव आकार दिला. ह्या आकाराला पुढे मुद्रांकाच्या हिशेबात जे स्थान मिळाले ते आपण लवकरच पाहू.

१८६० च्या दशकात दोन गोष्टी एकदम घडल्या. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारचा खजिना रिकामा झाला होता. जेम्स विल्सन ह्याच्या आर्थिक योजनेबरोबर प्राप्तिकर आला आणि त्याच वर्षी, १८६० साली, सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मुद्रांकाचा छत्तिसावा कायदा झाला. दुसरीकडे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचे भाव चढले, आगगाडी खानदेशातून पुढे गेली, जळगावची पेठ वाढली आणि काळ्या जमिनीला प्रथमच खरी किंमत आली. किंमत आल्यावर कागद आला. १८६४ च्या कायद्याने शंभर रुपये व त्यावरील स्थावराच्या दस्तांची नोंदणी सक्तीची केली. भावाने भावाला तोंडी दिलेला शब्द ह्यापुढे कचेरीत पुरेल की नाही, हा प्रश्न घरोघर उभा राहिला.

मुद्रांकाचे कायदे पुढे १८६२, १८६९ व १८७९ साली बदलत गेले आणि शेवटी १८९९ चा दुसरा कायदा आला. आपल्या विषयाचे सार ह्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. विद्यार्थ्यांनी ते कंटाळा न करता वाचावे, अशी माझी शिफारस आहे. बक्षीसपत्रावर खरेदीखताइतकेच शुल्क होते, म्हणजे स्थूलमानाने शेकडा एक रुपया. वाटणीपत्रावर कर्जरोख्याइतके, म्हणजे त्याच्या निम्मे, आणि तेही सर्वांत मोठा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्या हिश्शांवर. हक्कसोडपत्रावर, सोडलेला हक्क एक हजार रुपयांपर्यंत असेल तर कर्जरोख्याच्या दराने, आणि त्याहून अधिक कितीही असेल तरी सरसकट पाच रुपये. दत्तकपत्रास दहा रुपये. मृत्युपत्रास काही नाही. शिवाय वाटणीच्या कलमात एक सवलत होती : जी जमीन तीस वर्षांहून अधिक नाही अशा मुदतीच्या साराबंदीने धारण केली आहे व जी पूर्ण आकार भरते, तिची किंमत शुल्कापुरती वार्षिक आकाराच्या पाचपटीहून जास्त धरावयाची नाही. मुंबई इलाख्यातील रयतवारी बंदोबस्त तीस वर्षांचा असे. विंगेटच्या मोजणीने ज्यांवर आकार बसविला ती खानदेशातील शेते ह्या सवलतीत येत होती.

ह्याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन भावांच्या सामाईक जमिनीची बाजारात किंमत चार हजार रुपये व तिचा आकार चाळीस रुपये आहे, असे समजू. एका भावाने आपला निम्मा भाग दुसऱ्याला बक्षीस दिला तर मुद्रांक वीस रुपयांचा. त्याच भागाचे हक्कसोडपत्र करून दिले तर पाच रुपयांचा. दोघांनी निम्मेनिम वाटून घेतली तर वेगळ्या निघालेल्या हिश्शाचा आकार वीस रुपये, त्याची पाचपट शंभर, आणि शंभरावर मुद्रांक आठ आणे. जमीन तीच, माणसे तीच. कागदाच्या मथळ्यावर काय लिहिले आहे त्याप्रमाणे वीस रुपये, पाच रुपये किंवा आठ आणे.

ह्या फरकामागे सरकारचा विचार नव्हता असे नाही. वाटणी हे हस्तांतरण नव्हे, असे हिंदुधर्मशास्त्र मानते : ज्याचा हक्क जन्मापासून होताच त्याचा तो हक्क वाटणीने फक्त निराळा दाखविला जातो. प्रिव्ही कौन्सिलने १८६६ साली अप्पूवियरच्या खटल्यात एकत्रपणा मोडण्यास सरहद्दी आखण्याचीही गरज नाही, हिस्से ठरविल्याने तो मोडतो, असे सांगितले. मग नवीन काही दिले-घेतले जात नाही, तेथे विक्रीइतका कर कसा घ्यावा? हक्कसोडपत्राचेही तसेच. एकत्र कुटुंबातील एक सहदायाद बाजूला झाला म्हणजे त्याचा हिस्सा मागे राहिलेल्यांत आपोआप मिसळतो. त्याने कोणाला काही दिले असे म्हणण्यापेक्षा तो निघून गेला, असे म्हणणे शास्त्राला धरून होते. ‘फारखत’ हा जुना शब्दही तेच सुचवितो. ‘फारिग’ म्हणजे मोकळा, आणि हे मोकळे झाल्याचे खत. बोलीत ‘फारकत’ नवराबायकोच्या विभक्त होण्यालाही म्हणतात, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

ह्या हक्कसोडीचे मूळ याज्ञवल्क्यस्मृतीपर्यंत जाते. जो मुलगा स्वतः मिळविण्यास समर्थ आहे व ज्याला वडिलार्जिताची इच्छा नाही, त्याला थोडेसे काही देऊन वेगळे करावे, असे स्मृतिकार सांगतो. आणि मिताक्षरा त्याचे कारण देते की, पुढे त्याच्या मुलांनी वाटा मागू नये. येथे दोन अटी आहेत. एक, तो समर्थ असला पाहिजे. दुसरी, त्याला इच्छा नसली पाहिजे. ‘थोडेसे काही’ द्यावयाचे ते ह्या दोन अटी पुऱ्या झाल्यावर. त्याच स्मृतीत बहिणींच्या विवाहासाठी भावांनी आपल्या अंशातून चौथाई द्यावी असे निराळे वचन आहे. म्हणजे हक्कसोडीचा विधी समर्थ पुरुष सहदायादासाठी होता. ह्या मुद्द्याकडे आपणांस परत यावयाचे आहे.

धर्मशास्त्राच्या बाबतीत खानदेशचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्याच्या बऱ्याच भागात मिताक्षरा श्रेष्ठ, गुजरात व मुंबई बेटात नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख श्रेष्ठ. पण पुणे, अहमदनगर आणि खानदेश ह्या जिल्ह्यांत दोन्ही ग्रंथ बरोबरीचे मानले गेले. मयूख बहिणीला गोत्रज सपिंडांत गणून वारसाहक्कात चांगले वरचे स्थान देतो. शिवाय मुंबई इलाख्यात वारसाने आलेली जमीन मुलीला किंवा बहिणीला पूर्ण मालकीने मिळे; अन्यत्र तिला केवळ हयातीपुरता उपभोग असे. म्हणून खानदेशात बाईच्या नावाची जमीन ही १९५६ पूर्वीही अगदी अश्रुत गोष्ट नव्हती. मात्र ती येई भाऊ नसेल तेव्हा. भाऊ असताना बहिणीला वाटा नव्हता, आणि वाटा नसल्यामुळे तो सोडण्याचा कागदही लागत नव्हता.

मुद्रांक वाचविण्याचा सर्वांत प्रशस्त मार्ग मात्र कागदच न करण्याचा होता, आणि तो सरकारनेच मोकळा करून दिला. १९०३ च्या चौथ्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. १९१३ साली ती जमीन महसूल कायद्यात एका स्वतंत्र प्रकरणाच्या रूपाने दाखल झाली. वारसाने, वाटणीने किंवा अन्य मार्गाने हक्क मिळालेल्या माणसाने तलाठ्याकडे तोंडी अथवा लेखी वर्दी द्यावी, तलाठ्याने फेरफाराच्या वहीत नोंद घ्यावी, हरकत न आल्यास वरच्या अंमलदाराने ती मंजूर करावी, अशी ती व्यवस्था. वर्दीस मुद्रांक लागत नसे. १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. दोहोंतही घरोघरच्या वाटण्या ह्या वर्दीवरच उरकू लागल्या. चार भाऊ चावडीवर जात, कोणाकडे कोणता नंबर ते सांगत, तलाठी लिहून घेई. ज्यांना एवढेही नको असे ते वडीलभावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी अक्षरे लावून घेत आणि प्रत्यक्षात बांध घालून वेगळे कसत. सातबाऱ्यावरची ही तीन अक्षरे म्हणजे पुढील पिढ्यांच्या अर्ध्या दाव्यांचे बीज आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

फेरफाराची नोंद म्हणजे मालकी नव्हे. ती साऱ्यासाठी असते, आणि उलट पुरावा येईपर्यंत खरी धरावयाची एवढेच तिचे मोल. हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. तरीही गावाच्या दृष्टीने सातबारा हाच शेवटचा शब्द होता. कधी भाऊ ‘वाटणीची याद’ लिहून ठेवीत : वाटणी आधीच तोंडी झाली, ही तिची केवळ आठवण, असा तिचा मजकूर असे. हा चातुर्याचा प्रकार होता. कारण जो कागद स्वतः वाटणी करतो त्यावर मुद्रांक, आणि जो झालेल्या वाटणीची हकिकत सांगतो तो मोकळा. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली काले विरुद्ध चकबंदी उपसंचालक ह्या खटल्यात तोंडी कौटुंबिक व्यवस्था आणि तिची नुसती याद ह्यांस नोंदणीची आवश्यकता नाही असे मानले. पण मजकुरात एखादे क्रियापद वर्तमानकाळी पडले की तीच याद वाटणीपत्र ठरून न्यायालयात अडकून पडे. अशा अडकलेल्या कागदावर १८९९ च्या कायद्याप्रमाणे तुटीच्या दहापट दंड होता. भूतकाळ आणि वर्तमानकाळ ह्यांतील भेदावर शेताची मालकी अवलंबून असावी, हे व्याकरणाच्या अध्यापकांस समाधान देणारे असले तरी शेतकऱ्यास खचितच नव्हते.

वाटणी किती पाडावी ह्यालाही खानदेशात स्थानिक अडचणी होत्या. पांझरेच्या काठी साक्री व धुळे तालुक्यांत जी फड पद्धत होती, तीत एका फडात एका वेळी एकच पीक घेतले जाई व पाणी फडावार सुटे. म्हणून प्रत्येक कुटुंबास निरनिराळ्या फडांत थोडी थोडी जमीन असणे सोयीचे. चार भावांना एकेक फड देऊन भागत नसे. प्रत्येक फडातील पट्टी चौघांत चिरावी लागे. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने अशा बारीक पट्ट्यांच्या नव्या वाटणीस आडकाठी केली. तेव्हा एकाने घ्यावे व बाकीच्यांनी सोडावे हा मार्ग उरला, आणि हक्कसोडपत्राला आणखी एक कारण मिळाले.

संविधानाने मुद्रांकाचे दर ठरविण्याचा अधिकार, हुंड्या व तत्सम काही व्यापारी कागद वगळता, राज्यांकडे दिला. तेव्हाच्या द्विभाषिक मुंबई राज्याने १९५८ चा साठावा कायदा केला आणि तो १६ फेब्रुवारी १९५९ पासून अमलात आला. २०१२ साली त्याचे ‘महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम’ असे नामांतर झाले. दर बदलले, पण परिशिष्टाची घडण बहुतांशी १८९९ चीच राहिली : बक्षीस वेगळे, वाटणी वेगळी, हक्कसोड वेगळी.

ह्या दरम्यान, १७ जून १९५६ रोजी, हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला होता. वडिलांच्या हिश्शात मुलीला वारसा मिळाला. अठरा एकर वडिलार्जित जमीन, वडील, दोन मुलगे व एक मुलगी, आई आधीच वारलेली, असे कुटुंब घेऊ. १९५६ च्या नियमाने वडिलांच्या मृत्यूच्या वेळी काल्पनिक वाटणी करावयाची. वडिलांचा तिसरा हिस्सा म्हणजे सहा एकर, त्याचे तीन वारस, म्हणून मुलीस दोन एकर. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला सहदायाद केले, परंतु २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद मिटविला. आता त्याच कुटुंबात मुलीचे सहा एकर होतात. दोनाचे सहा झाले. मुद्रांकाच्या परिशिष्टातील हक्कसोडीच्या कलमास ह्या बदलाची जाणीव झाल्याचे दिसत नाही.

उलट एका बाबतीत अंतर वाढले. ४ जुलै १९८० पासून राज्यात बाजारमूल्यावर शुल्क घेण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि १९९५ च्या नियमांनी वार्षिक मूल्यदर तक्ते आले. खरेदी आणि बक्षीस ह्यांचे शुल्क जमिनीच्या भावाबरोबर चढू लागले. त्यांवर विक्री, बक्षीस व कब्जेगहाण ह्यांसाठी असलेला जिल्हा परिषदेचा अधिभार निराळा. केळीच्या बागाइतामुळे रावेर-यावलकडील जमीन आणि शहर वाढल्यामुळे जळगाव-धुळ्याच्या भोवतालची जमीन महाग होत गेली. अशा वेळी भाऊ, बहीण, मुले, आईबाप, नवराबायको ह्यांच्यातील वडिलार्जित मालमत्तेच्या हक्कसोडपत्रास मात्र दोनशे रुपयांचे ठरीव शुल्क होते. ते १८९९ च्या पाच रुपयांचेच वंशज होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक वाढविण्यात आला तेव्हा ते पाचशे झाले.

ह्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बहिणीने भावाला बक्षीसपत्र करून दिले तर २०१७ पासून बाजारमूल्याच्या शेकडा तीन. वडिलांनी मुलीला, पतीने पत्नीला, आजोबांनी नातीला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यावयाची, तर २०१५ च्या दुरुस्तीने अवघे दोनशे रुपये. ही दुरुस्ती चांगली होती, आणि तिने प्रथमच मुलीकडे जाणाऱ्या जमिनीची वाट हक्कसोडीइतकी स्वस्त केली. बापाने हयातीत मुलीला देणे शक्य झाले. परंतु स्वस्त वाट आणि वहिवाटीची वाट ह्या दोन गोष्टी आहेत. दस्तलेखकापाशी जो नमुना तयार असतो तो भावांच्या नावे बहिणीने लिहून द्यावयाचा.

तो नमुना वाचण्यासारखा आहे. लिहून देणारी आपल्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते. तिच्या लग्नात पुरेसा खर्च झाला आहे. सासरी तिचे बरे चालले आहे. तिला ह्या मिळकतीची गरज नाही. आजपासून तिचा व तिच्या वारसांचा काडीमात्र संबंध राहिला नाही. अभ्यासकांच्या ध्यानात येईल की याज्ञवल्क्याच्या दोन्ही अटी, सामर्थ्य आणि अनिच्छा, येथे शब्दशः हजर आहेत आणि मिताक्षरेने सांगितलेला वारसांचा बंदोबस्तही आहे. फरक एवढाच की त्या काळी ह्या अटींची शहानिशा घरातील वडीलधाऱ्यांनी करावयाची होती. आता त्या छापील मजकुरात आधीच भरलेल्या असतात. ‘थोडेसे काही’ हेही असते, पण कागदात नसते. ते साडीचोळीच्या रूपाने असते. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. ज्या घराचा उंबरा ह्या एका सणासाठी वर्षभर डोळ्यांपुढे असतो, त्या घराशी सहा एकरांवरून वाकडेपणा कोण घेणार? हक्कसोडपत्राचा खरा मोबदला हा उंबरा आहे. काही बहिणींनी तो जाणून, समजून आणि आनंदाने स्वीकारला आहे, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. ज्या भावाने आईबापांना शेवटपर्यंत सांभाळले त्याच्या नावे सोडलेला हक्क हा अन्यायच, असे सरसकट म्हणता येणार नाही. अडचण अशी की खुशीची हक्कसोड आणि नाइलाजाची हक्कसोड ह्यांचा मजकूर एकच असतो आणि शुल्कही एकच.

मुद्रांक वाचविण्याच्या जुन्या सवयीने भावांनाही अखेर अडचणीत आणले. २००५ च्या दुरुस्तीने २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या व हस्तांतरणे अबाधित ठेवली; पण वाटणी म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली, अशी व्याख्या केली. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, आणि तोंडी वाटणीची सबब केवळ अपवाद म्हणून, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच ऐकावयाची. आता ज्या घरात आजोबांनी १९३० किंवा १९६० साली आठ आण्यांचा किंवा पाचदहा रुपयांचा मुद्रांक वाचवून चावडीवर वर्दी दिली होती, त्या घरच्या नातवाला ‘आमची वाटणी कधीच झाली’ हे सिद्ध करण्यासाठी जुन्या फेरफारांचे उतारे गोळा करीत फिरावे लागते. शेतजमिनीच्या वाटणीपत्रास शुल्क फक्त शंभर रुपये असूनही नोंदणी फी मूल्यावर आकारली जात असल्याने लोक दस्त करीत नव्हते; मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशा वाटणीपत्रांची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय घेतला. शंभर वर्षांपूर्वी हे झाले असते तर दिवाणी न्यायालयांचे बरेच काम हलके झाले असते.

सातपुड्याच्या पायथ्याचा आणि पश्चिमेकडील आदिवासी मुलूख ह्या सर्व विवेचनाच्या बाहेर राहतो, हे सांगणे अवश्य आहे. १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही. त्यामुळे शिरपूर, चोपडा, यावल तालुक्यांतील आदिवासी पाडे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला बहुतेक सर्व नंदुरबार जिल्हा येथील भिल्ल, पावरा, कोकणा कुटुंबांत मुलीच्या वाट्याचा प्रश्न रूढीवर सोपविलेला आहे. तेथील कागदांचा विचार निराळ्या लेखाचा विषय आहे.

ज्या विद्यार्थ्यास हे काम पुढे न्यावयाचे आहे त्याने दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची क्रमांक दोनपासून आरंभ करावा. तीत दस्ताचा प्रकार, लिहून देणार, लिहून घेणार, मिळकतीचे वर्णन, बाजारमूल्य, मोबदला आणि भरलेले मुद्रांक शुल्क असे रकाने असतात. एका गावाची दहा-वीस वर्षांची सूची घेऊन हक्कसोडपत्रे निराळी काढावीत, लिहून देणाऱ्यांत बहिणी किती व भाऊ किती हे मोजावे, आणि त्यांच्या तारखा वडिलांच्या वारस-फेरफाराच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. मोबदल्याच्या रकान्यात बहुधा शून्य आढळेल. त्याच्या शेजारी बाजारमूल्याचा रकाना आहे. तो मात्र भरलेला असतो.